‘ची’च्या आधीची रिकामी जागा

सरांच्या घरची मंडळी, आणि सरांनी भाड्याने आणलेल्या त्या पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून जे सिनेमा पाहायला शिकले असे आपण सगळे,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘चित्रपटातील वर्णद्वेष आणि स्त्रियांचे शोषण’. विषय मीच कळवला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पण टिपणं काढायला बसले आणि आठवड्याभरात लक्षात आलं, की या विषयाचं व्याख्यान होत नाही, यादी होते. या सिनेमात असं दाखवलंय, त्या सिनेमात तसं. यादी संपेपर्यंत तुम्ही घड्याळाकडे बघायला लागाल, आणि मीही. म्हणून ती वही घरी ठेवून आले. आज एकाच सिनेमाबद्दल बोलेन, आणि जाता जाता दोन-चार सिनेमांना हात लावेन. सिनेमा जेमतेम तासाभराचा आहे, कृष्णधवल, १९६६ सालचा. दिग्दर्शक उस्मान सेंबेन, सेनेगलचे. आपल्याला इथे सिनेमे दाखवणाऱ्या सरांनी तो १९८४ साली याच हॉलमध्ये दाखवला होता.

सुरुवात नावापासून करते, कारण माझं अर्धं म्हणणं त्या नावातच आहे. फ्रेंचमध्ये नाव आहे ‘ला न्वार द...’ आणि पुढे तीन टिंबं. ‘न्वार’ म्हणजे इथे काळी बाई. ‘द’ हा इवलासा शब्द गावही सांगतो आणि मालकही सांगतो. इंग्रजीवाल्यांना तो झेपला नाही. त्यांनी तो टिंबांसकट गाळून टाकला आणि ‘ब्लॅक गर्ल’ म्हणून मोकळे झाले. मराठी माणसाला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे ‘ची’ आहे. ‘साताऱ्याची’ म्हटलं की गाव कळतं. ‘पाटलांची’ म्हटलं की घर कळतं. मग पाटलांची सून की पाटलांची म्हैस, ते पुढच्या शब्दावर. सिनेमातली मुलगी डाकारची आहे आणि ती एका फ्रेंच कुटुंबाची आहे. फ्रेंचमध्ये रिकामी जागा शब्दाच्या नंतर येते, आपल्याकडे ती ‘ची’च्या आधी येईल. एवढाच फरक. त्या जागेत कुणाचं नाव भरायचं, हे त्या मुलीने ठरवायचं नसतं.

तर १९८४. मी एकोणीस वर्षांची. कुठल्याशा दूतावासाकडून गावोगाव फिरत आलेली १६ मिलिमीटरची प्रिंट होती, आणि सरांचा प्रोजेक्टर दर पंधरा मिनिटांनी खोकायचा. खेळ रात्री साडेनऊला. मुलीने एकटीने रात्री परतायचं नाही म्हणून आईने आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंना सोबत धाडलं. त्यांना सगळे ‘बंडूची आई’ म्हणत. मी शेजारच्या काकूंना ‘अहो’ म्हणायचे आणि त्यांच्याच वयाच्या या बाईला ‘अगं’ म्हणायचे. तेव्हा ते खटकायचं नाही. हॉल अर्धा रिकामा होता. मी चौथ्या रांगेत बसले. ती मागे दाराशी, भिंतीला टेकून उभी राहिली. ‘बस की’ असं मी म्हटलं नाही. खुर्च्या रिकाम्या आहेत हे मला दिसत होतं, पण त्या तिच्यासाठीही आहेत हे डोक्यातच आलं नाही. ही कबुली आधीच देऊन ठेवते, म्हणजे पुढे मी हॉलीवूडला चार शब्द सुनावले तर तुम्ही त्यांची योग्य ती किंमत कराल.

सिनेमाची हकिगत थोडक्यात अशी. द्युआना नावाची डाकारमधली तरुण मुलगी एका फ्रेंच कुटुंबात मुलं सांभाळायला राहते. सेनेगल १९६० साली स्वतंत्र झाला आहे, पण साहेब लोक अजून तिथेच आहेत. काही महिन्यांनी ते कुटुंब फ्रान्सला परततं, भूमध्य समुद्रावरच्या आँतीब गावी, आणि मागाहून तिलाही बोलावून घेतं. ती येते, ती मुलं सांभाळायला आणि फ्रान्स बघायला. पोचते तेव्हा मुलं तिथे नसतात. असतं ते स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कपडे धुणं. खिडकीतून समुद्र दिसतो. पगाराचं नाव निघत नाही. सिनेमाच्या शेवटी ती त्या न्हाणीघरातल्या टबमध्ये गळ्यावर वस्तरा फिरवते.

हे रचलेलं नाही. १९५८ साली नीस शहरातल्या एका वर्तमानपत्रात आँतीबमधल्या एका काळ्या मोलकरणीच्या आत्महत्येची चार ओळींची बातमी आली होती. सेंबेन तेव्हा दक्षिण फ्रान्समध्येच मार्सेय बंदरात होते. मासेमाराचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला, नंतर त्याच फ्रान्सच्या धक्क्यावर हमाली केलेला आणि कामगार संघटनेत वाढलेला माणूस. त्या बातमीवरून त्यांनी आधी कथा लिहिली, ती १९६२ साली संग्रहात आली, आणि मग सिनेमा काढला. सिनेमातही ती बातमी आहे. समुद्रकिनाऱ्यावर ऊन खात पडलेली माणसं पेपर चाळताहेत आणि त्या चार ओळींवरून त्यांची नजर पुढे सरकते.

सिनेमा काढणं हेही सरळ नव्हतं. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत चित्रीकरणाला सरकारी परवाना लागे. १९३४ सालचा एक हुकूमच होता तसा. परिणाम असा, की आफ्रिकी माणसाला आपल्याच गल्लीत कॅमेरा लावता येत नसे. १९५५ साली पोलँ व्हिएरा या आफ्रिकी दिग्दर्शकाला आणि त्यांच्या मित्रांना आफ्रिकी जीवनावर सिनेमा काढायचा होता. तो त्यांना पॅरिसमध्ये, सीन नदीच्या काठी काढावा लागला. सेंबेन चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन कॅमेरा धरायला शिकले, कारण कादंबऱ्या लिहून त्यांच्या लक्षात आलं होतं की ज्यांच्याबद्दल आपण लिहितो त्यांना वाचता येत नाही.

आता काही दृश्यं जवळून बघू.

डाकारमधला एक चौक. रस्त्याच्या कडेला दहा-बारा मुली बसल्या आहेत, कामाच्या आशेने. आपल्याकडचा मजूर नाका डोळ्यांसमोर आणा. गोरी मादाम काळा गॉगल लावून येते. सगळ्या मुली उठून तिच्या अंगावर धावतात: मला घ्या, मला घ्या. एकटी द्युआना बसून राहते. लाजाळू आहे, किंवा तिला हे धावणं जमत नाही. मादाम सगळ्यांवरून नजर फिरवते आणि नेमकं तिच्याकडे बोट दाखवते. न मागणारी मुलगी नोकर म्हणून बरी, एवढा हिशेब त्या बोटात आहे. एक वाक्य बोललेलं नाही आणि बाजार उभा राहिला.

दुसरं दृश्य आँतीबमधलं. द्युआना फरशी पुसते आहे आणि तिच्या अंगात ठिपक्याठिपक्यांचा छानसा झगा आहे, पायात उंच टाचा, डोक्याला टोप. ती फ्रान्सला आली आहे, तेव्हा ती नटूनच काम करणार. मादामला हे सोसत नाही. ती एप्रन आणून तिच्या कमरेला बांधते. पुढे एकदा टाचांचे बूट काढायला लावते: तू मोलकरीण आहेस, विसरू नकोस. द्युआना बूट काढते आणि ते तिथेच दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून अनवाणी आत निघून जाते. त्या घरातली ती तिची एकमेव टिंगल आहे, आणि मादामला ती कळत नाही.

जेवणाचा प्रसंग तर मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवते. पाहुणे आलेत, त्यांना आफ्रिकी भात खायचाय. ती वाढते आणि पाहुणे तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलतात. हिला फ्रेंच कळतं का? कळत नाही, उमजतं. म्हणजे जनावरासारखं, असं एक जण म्हणतो आणि कुणी दचकतही नाही. एक म्हातारा उठून तिच्या गालाचा मुका घेतो, कारण त्याने आजवर काळ्या बाईचा मुका घेतलेला नाही. हे सगळं हसतखेळत चाललंय. चाबूक नाही, साखळी नाही, कुणी आवाज चढवत नाही. वर्णद्वेष दाखवायचा म्हटला की सिनेमावाले खलनायक शोधतात. सेंबेनना त्याची गरज पडली नाही. त्यांना एक जेवणाचं टेबल पुरलं.

आणि या सगळ्यात सतत पडद्यावर असतो तो मुखवटा. डाकारमध्ये नोकरी लागल्याच्या आनंदात द्युआनाने एका लहान मुलाकडून लाकडी मुखवटा विकत घेऊन मालकांना भेट दिला होता. डाकारच्या घरात तसे आणखी बरेच होते. साहेब तो हातात घेऊन निरखतो, खरा वाटतो म्हणतो. आँतीबच्या घरात मात्र तो एकटाच, पांढऱ्याफटक भिंतीवर खिळ्याला टांगलेला. ती आणि तो. घरातल्या दोनच काळ्या वस्तू, असं लिहायचा मोह मला व्हायचा आणि एका जुन्या लेखात मी ते लिहिलंही होतं. आज खोडावंसं वाटतं. मालकांच्या नजरेतून तसं आहे. कॅमेऱ्याच्या नजरेतून नाही.

इथे जरा हॉलीवूडकडे वळते, कारण १९६६च्या आधी पडद्यावर काळी बाई नव्हती असं नाही. भरपूर होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हॅटी मॅकडॅनिएल ही बाई गुलामीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, जन्म १८९३चा. तिने कितीतरी सिनेमांत मोलकरणीच केल्या. ‘गॉन विथ द विंड’मध्ये तिच्या पात्राला नावसुद्धा नाही, सगळे तिला ‘मॅमी’ म्हणतात. डिसेंबर १९३९मध्ये अटलांटात सिनेमाचा मोठा सोहळा झाला, त्याला ती नव्हती, कारण जॉर्जियातल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे गोऱ्यांच्या थिएटरात तिला त्यांच्यासोबत बसता आलं नसतं. फेब्रुवारी १९४०मध्ये तिला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात तिचं टेबल बाकी कलाकारांपासून वेगळं, भिंतीशी लावलेलं होतं. १९५२ साली ती गेली तेव्हा हॉलीवूडच्या ज्या स्मशानभूमीत पुरावं अशी तिची इच्छा होती, तिथेही जागा नाकारली गेली.

भिंतीशी लावलेलं टेबल. मागे दाराशी उभी असलेली बाई. असो.

हॅटीच्या काळातला आणखी एक सिनेमा सांगते, कारण त्यात सगळं उघड आहे. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’, १९३४. विधवा गोरी बाई आणि तिच्या घरी राहणारी काळी डिलायला, दोघींना एकेक मुलगी. डिलायलाला घराण्यातून आलेली पॅनकेकची कृती ठाऊक आहे. गोरी बाई त्या कृतीवर धंदा उभा करते, डिलायलाचा हसरा चेहरा डब्यावर छापते, गडगंज होते. मग तिला वाटा देऊ करते, वीस टक्के. कृती जिची, चेहरा जिचा, तिला वीस! आणि डिलायला तेही नको म्हणते. मला इथेच तुमची सेवा करू द्या. हा सिनेमा त्या काळात पुरोगामी समजला जायचा आणि एका अर्थी तो होताही, कारण दोन बाया नवऱ्यांवाचून घर आणि धंदा चालवतात. फक्त एक जण वरच्या मजल्यावर राहते आणि एक खालच्या. पटकथा लिहिणाऱ्यांना तो जिना दिसला की नाही, कुणास ठाऊक.

१९५९ साली डग्लस सर्कने हीच गोष्ट पुन्हा केली आणि त्याला जिना नक्की दिसला होता. त्यात एक जागा आहे. म्हातारी झालेली ॲनी आपल्या मैत्रिणींबद्दल, चर्चमधल्या लोकांबद्दल सहज बोलते. मालकीण चकित होते: तुला इतक्या मैत्रिणी आहेत हे मला कधी सुचलंच नाही. ॲनी शांतपणे सांगते की तुम्ही कधी विचारलंच नाहीत. बस, एवढंच. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या दोन बायका. पण त्याच सिनेमात ॲनीच्या मुलीची, गोरी म्हणून खपणाऱ्या काळ्या मुलीची भूमिका सुझन कोनरला दिली. तिची आई मेक्सिकन, वडील युरोपातले ज्यू. १९३४च्या सिनेमात निदान त्या जागी फ्रेडी वॉशिंग्टन ही कृष्णवर्णीय नटी होती. पंचवीस वर्षांत एक पाऊल पुढे आणि एक मागे. आपण हसायचं कारण नाही. २०१९ साली ‘बाला’ या हिंदी सिनेमात सावळ्या रंगामुळे अवहेलना सोसणाऱ्या मुलीचं काम एका उजळ नटीला काळा मेकअप थापून दिलं होतं. सावळ्या नट्या देशात संपल्या होत्या बहुधा.

२०११ साली ‘द हेल्प’ आला. मिसिसिपीतल्या मोलकरणी, १९६०चं दशक. ऑक्टेव्हिया स्पेन्सरला ऑस्कर मिळालं, हॅटी मॅकडॅनिएलनंतर बहात्तर वर्षांनी, पुन्हा मोलकरणीच्या भूमिकेसाठी. त्यातली दुसरी मोलकरीण झालेल्या व्हायोला डेव्हिसने पुढे मुलाखतीत बोलून दाखवलं की त्या भूमिकेबद्दल आपल्याला खंत वाटते, कारण शेवटी ऐकू येतो तो त्या मोलकरणींचा आवाज नव्हेच. खरंच आहे. तो सिनेमा एका गोऱ्या मुलीचं पहिलं पुस्तक कसं छापलं गेलं याची गोष्ट आहे. चांगली आहे गोष्ट. पण ‘ची’च्या आधी पुन्हा दुसरंच नाव.

अशा सिनेमांत कॅमेरा दिवाणखान्यात ठेवलेला असतो. स्वयंपाकघराचं दार उघडतं, बाई ट्रे घेऊन येते, काहीतरी शहाणपणाचं किंवा विनोदी बोलते, दार मिटतं. आपल्या मराठी रंगभूमीवरची ग्रामीण बोलीत बोलून हशा मिळवणारी मोलकरीणही त्याच दारातून येते. सेंबेननी कॅमेरा उचलला आणि दाराच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवला. मादाम बाहेरून हाक मारते ती आपल्याला द्युआनाच्या कानांनी ऐकू येते. कांदा चिरतानाचा तिचा चेहरा आपल्याला पुरेपूर दिसतो. मोठ्याने ती फारसं बोलतच नाही, ‘होय मादाम’ एवढंच. पण मनात ती सतत बोलते, प्रश्न विचारते, चिडते, टोमणे मारते. फ्रान्स म्हणजे हे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायची खोली, एवढंच का, असं तिचं मन विचारतं.

आणि इथे एक गंमत आहे, की विसंगती म्हणू. तो मनातला आवाज तिचा नाही. द्युआनाचं काम केलं एम्बिसीन तेरेझ दियोप या डाकारमध्ये शिवणकाम करणाऱ्या मुलीने, आणि आवाज दिला तोतो बिसँत या हैतीच्या गायिकेने, तोही सफाईदार फ्रेंचमध्ये. निर्मितीत फ्रेंच संस्था भागीदार होती, आणि भाषाही फ्रेंच. म्हणजे जी मुलगी आपल्या भाषेवाचून घुसमटून मेली, तिचं घुसमटणंही मालकांच्या भाषेत ऐकवावं लागलं. सेंबेनना हे सलत असणार, कारण १९६८चा ‘मांदाबी’ त्यांनी वोलोफ भाषेत काढला. पण द्युआनाला तिची भाषा मिळायची ती राहूनच गेली.

पत्राचा प्रसंग म्हणूनच मला सिनेमाचा गाभा वाटतो. आईचं पत्र येतं. द्युआनाला वाचता येत नाही, आईला लिहिता येत नाही. डाकारमधल्या एका शिक्षकाने ते लिहून दिलंय; पाइप ओढणाऱ्या त्या शिक्षकाचं काम खुद्द सेंबेननी केलंय. पत्रात पैशांची मागणी आहे. साहेब ते मोठ्याने वाचतो आणि मग, मदत म्हणून, तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. काय लिहायचं ते तिला विचारतो, ती गप्प, तर स्वतःच सुचवत जातो: मी इथे मजेत आहे, मालक फार चांगले आहेत. द्युआना पत्र घेऊन त्याचे तुकडे करते. साहेब वाईट माणूस नाही हो. मवाळ आहे, थोडा दारूत बुडालेला आहे, भांडणं टाळणारा आहे. तो फक्त तिच्या जागी बोलतो. भल्या माणसांनी काढलेले, शोषणाविरुद्धचे किती सिनेमे हेच करतात, याची मोजणी तुम्हीच करा.

मादामबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. स्त्रीवादी अभ्यासवर्गात मी हा सिनेमा लावला की हटकून प्रश्न येतो: बाईच बाईला छळते असं दाखवणं बरोबर आहे का? प्रश्न रास्त आहे. मादामचं आयुष्यही काही सुखाचं नाही. डाकारमध्ये तिच्या हाताखाली माणसं होती, मोठं घर होतं. आँतीबच्या फ्लॅटमध्ये ती एक साधी गृहिणी आहे आणि नवरा दुपारपासून ग्लास घेऊन बसतो. तिला हुकूम गाजवायला उरलेली शेवटची जागा म्हणजे द्युआना. सेंबेन हे दाखवतात आणि तिला माफ करत नाहीत. मला ते पटतं. नवऱ्याच्या राज्यात दुय्यम असलेली बाई स्वयंपाकघराच्या राज्यात राणी होऊ शकते. आपल्या पिढीतल्या कितीतरी शिकलेल्या बायका, मी धरून, घराबाहेर पडून मोर्च्याला जाऊ शकल्या, कारण घरात दुसरी कुणीतरी भांडी घासत होती.

इथलं आणि तिथलं जोडणारा हा धागा जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. तिथली साखळी आणि इथली साखळी एकाच लोहाराची आहे, हे या माणसाने पुण्यात बसून ओळखलं होतं. शंभर वर्षांनी, १९७२ साली, दलित पँथरने आपलं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. तेव्हा सेनेगल आणि सातारा यांची मोट मी बांधते आहे असं कुणी समजू नये. ती आधीच बांधलेली आहे. आणि तरी आपल्या भाषेत ‘हबशी’ ही शिवी आहे. ज्या मराठवाड्यात हबशी मलिक अंबरने खडकी वसवली, ज्या कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दींना कुणी हलवू शकलं नाही, त्याच मुलखात. त्या रात्री या हॉलमध्ये द्युआना पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मागून कुणीतरी तोच शब्द उच्चारला आणि थोडा हशा झाला. सरांनी प्रोजेक्टर थांबवला. दिवे लावले. काहीही बोलले नाहीत, चष्मा पुसत उभे राहिले. मग पुन्हा दिवे मालवले.

सिनेमाचा शेवट. द्युआना भिंतीवरून मुखवटा काढून घेते. मादाम तो हिसकायला बघते, झटापट होते, पण मुखवटा द्युआनाकडे राहतो. साहेब पगाराच्या नोटा पुढे करतो, त्या ती ठेवून घेत नाही. सामानाची पेटी भरते, आणि मग न्हाणीघर.

समीक्षकांचा एक आक्षेप असा, की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या दिग्दर्शकाचा जगभर गाजलेला पहिला मोठा सिनेमा, आणि त्यातली बाई मरते. पुरुष दिग्दर्शकाला बाईचा विद्रोह सुचला तो फक्त मरणाचा? मला वाटतं, सेंबेनना हा प्रश्न ऐकू आला असावा. २००४ साली, ऐंशीच्या पुढे, त्यांनी ‘मूलादे’ काढला. गाव बुर्किना फासोतलं. मुलींची सुंता करण्याच्या प्रथेतून पळालेल्या चार मुली कोले नावाच्या बाईच्या आश्रयाला येतात. ती अंगणाच्या दाराला एक रंगीत दोरी आडवी बांधते. दोरी ओलांडायची नाही, हा गावाचाच जुना नियम. आख्खं गाव त्या दोरीशी येऊन थबकतं. पुरुष चिडून बायकांचे रेडिओ गोळा करतात, मशिदीसमोर ढीग रचून जाळतात. कोलेला नवरा भर चौकात फटके मारतो. ती ओरडत नाही, पडत नाही, मरत नाही. इथे छळणारा गोरा नाही, घरचाच आहे. सेंबेननी आपल्या माणसांनाही सवलत दिली नाही. आणि तोपर्यंत त्यांच्याच देशाच्या साफी फाये या बाईंनी, १९७५ सालापासून, स्वतः कॅमेरा हातात घेऊन आपल्या खेड्यातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं पडद्यावर आणलेलं होतं. सेंबेनवर शंभर पुस्तकं मिळतील. साफी फायेंचे सिनेमे बघायला मिळणं आजही मुश्कील. सरांनाही मिळाले नाहीत. त्यांनी दोनदा पत्र लिहिलं होतं.

पण मी शेवट पुरता सांगितला नाही. साहेब द्युआनाची पेटी, मुखवटा आणि तिचा पगार घेऊन डाकारला तिच्या आईकडे येतो. मातीचं अंगण, शेजारीपाजारी. तो नोटा पुढे करतो. आई त्याच्याकडे बघते आणि वळून आत जाते. तो नोटा खिशात घालून निघतो. ज्या लहान मुलाचा तो मुखवटा होता, तो मुलगा मुखवटा उचलून तोंडाला लावतो आणि साहेबाच्या मागोमाग चालू लागतो. गल्लीतून, पुलावरून. साहेब वळून बघतो, पावलं उचलतो, पुन्हा वळून बघतो, जवळजवळ पळतो. गाडीत बसून निघून जातो. मुलगा मुखवटा हळूहळू खाली घेतो आणि त्याचा चेहरा दिसतो. त्या खेळानंतर तीस वर्षांनी ‘फँड्री’ या मराठी सिनेमात जब्याचा दगड कॅमेऱ्यावर आला तेव्हा मला हाच मुलगा आठवला.

खेळ संपला. रीळ सुटून फडफडत राहिलं. सरांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, आणि नेहमीप्रमाणे कुणाला काही बोलायचं नव्हतं. डबे पहाटेच्या एसटीने पुढच्या गावाला जायचे होते म्हणून सर आवरायला लागले. आम्ही दोघी निघालो. रस्त्यावरचे दिवे गेले होते. बराच वेळ ती गप्प होती. सबंध सिनेमा तिने उभ्याने पाहिला होता. फ्रेंच कळायचा प्रश्न नव्हता आणि खालची इंग्रजी अक्षरंही तिला वाचता येत नव्हती. वाण्याच्या दुकानापाशी आल्यावर म्हणाली, “ताई, त्या म्हातारीनं पैसं का न्हाई घेतलं?”

मी म्हटलं, “पोटची पोर गेल्यावर कुठली आई पैसे घेईल? माणसाला अभिमान असतो.”

“आसंल. पण पोरीच्या कामाचंच हुतं की ते. सायबानं काय पदरचं नव्हतं आणलं.”

पुढे मी या सिनेमावर दोन लेख लिहिले आणि दोन्हीत त्या आईच्या नकाराचं भरभरून कौतुक केलं आहे. बंडूच्या आईचं नाव मला आजही माहीत नाही. आईला माहीत होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं. घरी पोचल्यावर आईने तिला चहा दिला, मोरीच्या खिडकीत पालथा ठेवलेल्या तिच्या वेगळ्या कपातून. तिने तो उभ्याने प्यायला, कप विसळून परत खिडकीत पालथा घातला आणि गेली. दोनच दिवसांपूर्वी एक तारीख होऊन गेली होती. मागल्या महिन्यात तिचे तीन खाडे झाले होते आणि आईने त्यांचे पैसे कापले होते. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तिचे खाडे मीच लिहायचे.